सयाजीराव नव्हते तेव्हा

"सयाजीराव असते तर हे झालं नसतं." बडोद्याच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हे वाक्य वर्षातून दोनदा तरी येतंच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी काळा घोड्यापाशी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा आलं. ९ जुलै २०२५ ला मही नदीवरचा गंभीरा पूल पडला तेव्हाही आलं. त्याखाली जोडलेले हात, मग महाराजांच्या लक्ष्मी विलास राजवाड्याचा फोटो, मग दांडिया बाजारातल्या कुणा काकांचं "आता ती धमकच राहिली नाही", आणि पाचव्या-सहाव्या निरोपाला हमखास, "तुमच्या अमेरिकेत नसेल बाई असं होत!"

होतं. त्याकडे येतोच. आधी त्या धमकेचं बघू, कारण डोकं तिथेच फिरतं.

बांधायची धमक गेली म्हणणाऱ्यांनी गेंडा सर्कलवरून मनीषा चौकडीपर्यंत एकदा डोकं वर करून चालावं. साडेतीन किलोमीटरचा उड्डाणपूल आहे डोक्यावर. बुलेट ट्रेनचे खांब आहेत, एक्स्प्रेस वे आहे. बांधायला कुणी कंटाळलेलं नाही. फीत कापेपर्यंत सगळ्यांच्या अंगात वारं असतं. ढिलाई सुरू होते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. तिला बडोद्यात उत्तम नाव आहे आणि तिथला मराठी माणूसही ते गुजरातीतच उच्चारतो: थई जशे. होऊन जाईल. कोण करील, कधी, कुठल्या पैशातून, हे त्यात येत नाही.

गंभीरा पूल घ्या. पादरा तालुक्यातल्या मुजपूरहून महीपलीकडे आणंद जिल्ह्यात जाणारा, १९८५ साली वाहतुकीला खुला झालेला. त्या सकाळी त्याचा एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, नदीत गेला, वाहनं त्याच्याबरोबर गेली, किमान वीस माणसं मेली. एक टँकर तुटलेल्या कडेवर कितीतरी दिवस लटकून होता. तो फोटो सगळ्यांनी बघितला. प्राथमिक चौकशीतून जे कारण बाहेर आलं ते मात्र फार थोड्यांनी वाचलं असावं: पेडेस्टल आणि आर्टिक्युलेशन चिरडलं गेलं.

हे दोन शब्द समजून घेतले तर धमकेबद्दलची अर्धी चर्चा आपोआप थांबेल.

पेडेस्टल म्हणजे खांबाच्या डोक्यावरचा काँक्रीटचा छोटा ओटा. ओट्यावर बेअरिंग, बेअरिंगवर गर्डर, म्हणजे रस्ता पेलणारी तुळई. आर्टिक्युलेशन म्हणजे जिथे एका भागाचं टोक खाच करून दुसऱ्याच्या टोकावर टेकवलेलं असतं ती जागा. तिथे गर्डरची उंची निम्मी होते आणि भार तेवढाच राहतो, म्हणून अशा पुलाचा सगळ्यात नाजूक भाग हाच. नेमका हाच भाग दिसत नाही. रस्त्यावरून दिसत नाही, नदीतून दिसत नाही. बाजूने फटीत बॅटरी मारली तर थोडा दिसतो, नाहीतर पुलावर उभी राहून खाली बादली सोडणारी गाडी आणावी लागते.

काँक्रीट तापलं की वाढतं. तीस मीटरचा गाळा, जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार, स्लॅबच्या तापमानात ३० अंशांचा फरक धरला तर गाळा सुमारे ११ मिलिमीटर लांब होतो. बेअरिंग असतं ते त्यासाठी. भार तोलत असतानाच गर्डरला एवढं सरकू द्यायचं. वरच्या एक्स्पान्शन जॉइंटचं, म्हणजे दोन गाळ्यांमधल्या फटीवरचं, रबर फाटलं की पावसाचं पाणी, रेती, ट्रकमधून सांडलेली माती थेट बेअरिंगवर पडते. दोन पावसाळ्यांत तिचा थर बसतो, बेअरिंग अडतं. गाळा मात्र रोज वाढायचा आणि आखडायचा राहत नाही. मग ती ओढाताण पेडेस्टलच्या कडेवर येते. कडेला भेग, भेगेतून पाणी, पाण्याने सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, तो आतून काँक्रीट फोडतो. ओटा हळूहळू लहान होतो. वरून जाणारे टँकर लहान होत नाहीत.

वेळेत करायचं असेल तर काम चिल्लर आहे. जॉइंटचं रबर बदला. बेअरिंगच्या कट्ट्यावरची माती काढून तो पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. हातोडीने काँक्रीट ठोका. चांगलं असेल तर खणखणीत वाजतं, आतून सुटलं असेल तर भद्द आवाज येतो. भद्द वाजेल तिथे खडूने रेघ मारा, फोटो काढा, तारीख घाला. बेअरिंगच गेलं असेल तर रात्री वाहतूक बंद करून हायड्रॉलिक जॅकने गर्डर काही मिलिमीटर उचलायचा, नवं बेअरिंग सारायचं, पुन्हा टेकवायचा. शहाण्या ठेकेदाराला यात नवल नाही. ओटा चिरडल्यावर मात्र करण्यासारखं काही उरत नाही.

दुसरी गोष्ट डांबराची, आणि ही फेब्रुवारी-मार्चमध्ये कुठल्याही जिल्ह्यात बघायला मिळते. आर्थिक वर्ष संपत आलं, अंदाजपत्रकात रस्त्याच्या शीर्षाखाली पैसे उरलेत, म्हणून रस्त्यावर एक थर टाकला. रस्ता पुलावर आला तरी डांबर पसरणारा पेव्हर थांबत नाही. साडेसात मीटर रुंद आणि चाळीस मीटर लांब गाळ्यावर २५ मिलिमीटरचा एक थर म्हणजे सुमारे १७ टन. जुना खरवडून न काढता असे दोन थर चढवले की भरलेला एक मोठा ट्रक त्या गाळ्यावर रात्रंदिवस उभा केल्यासारखं झालं, आणि डिझाइनच्या कागदाला त्याचा पत्ता नाही. वर कठड्याजवळची पाणी जायची भोकं डांबराखाली बुजतात. पाणी मग जॉइंटकडे वळतं. पुढचं वर आलंच आहे.

गंभीरावर असे थर चढले होते असं मी म्हणत नाही. इथे अमेरिकेत, पिट्सबर्गमध्ये चढले होते.

फॉर्ब्स अ‍ॅव्हेन्यूवरचा फर्न हॉलो पूल २८ जानेवारी २०२२ ला सकाळी फ्रिक पार्कच्या दरीत कोसळला. लांबी ४४७ फूट. पोर्ट अथॉरिटीची जोडबस त्यावर होती. बर्फामुळे शाळांना दोन तासांचा डिले होता म्हणून गर्दी नव्हती. माणसं जखमी झाली, मेलं कुणी नाही. त्याच दिवशी अध्यक्ष गावात येणार होते, रस्ते-पुलांच्या पैशांबद्दलच बोलायला. असला योगायोग कादंबरीत घातला तर संपादक काढून टाकेल.

हा पूल कुणी बघितला नव्हता असं मुळीच नाही. १९६७ साली ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडून ४६ माणसं गेली, त्यानंतर या देशात पुलांच्या तपासणीचे राष्ट्रीय नियम झाले. साधारण दर २४ महिन्यांनी तपासणी. स्लॅब, वरचा सांगाडा आणि खालचे आधार यांना शून्य ते नऊ गुण. चार किंवा कमी म्हणजे 'खराब'. फर्न हॉलो २०११ पासून 'खराब'च होता. तपासणी झाली, अहवाल लिहिला गेला, अहवालात लिहिलं होतं: नाल्या तुंबल्यात, पायांवर पालापाचोळा साचलाय, साफ करा. पुढच्या अहवालातही तेच. त्याच्या पुढच्यातही.

या पुलाचं पोलाद रंग न लावता वापरायचं, त्यावर गंजाचा घट्ट थर बसतो आणि तोच आतलं लोखंड राखतो. अट एकच: ते ओलं झालं की पुन्हा वाळलं पाहिजे. नाली तुंबली, पानं आणि बर्फ वितळवायला सॉल्ट ट्रक टाकतात ते मीठ पायाशी साचलं, तिथलं लोखंड कधी वाळलंच नाही. एका पायाची जोडपट्टी खाऊन खाऊन गेली आणि पूल बसला. भारक्षमतेच्या हिशेबात डांबर तीन इंच धरलं होतं, प्रत्यक्षात ते जवळजवळ सहा भरलं. हिशेब नीट केला असता तर पूल आधीच बंद करावा लागला असता. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२४ च्या अहवालात ठपका ठेवला तो शहरावर, वारंवार केलेल्या शिफारशींवर काही केलं नाही म्हणून.

नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. सुमारे अडीच कोटी डॉलर मिळाले. नाली साफ करायला दोन माणसं आणि एक फावडं मिळत नव्हतं.

तेव्हा "तुमच्या अमेरिकेत" या प्रश्नाचं उत्तर असं आहे. थई जशे इथेही आहे, फक्त इंग्रजीत आणि छापील फॉर्मवर. तरीही बरोबरी करून दोन्हीकडचे हात झटकायला मी तयार नाही, कारण एक फरक खरा आहे आणि तो कागदातला आहे. फर्न हॉलोचा कागद होता. कुठल्या वर्षी कुणी काय लिहिलं, हे पूल पडल्यावर ओळीने मांडता आलं. पेनडॉटच्या, म्हणजे इथल्या राज्याच्या वाहतूक खात्याच्या, पद्धतीत प्रत्येक दुरुस्तीला प्राधान्याचा आकडा असतो: शून्य असेल तर सात दिवसांत हालचाल, एक असेल तर सहा महिन्यांत. आकडा लिहिणाऱ्याचं नाव असतं. त्यामुळे त्या पडझडीनंतर शहराला आपल्या बाकीच्या पुलांच्या याद्या काढून बसावं लागलं. बडोद्यात चार इंजिनिअर निलंबित झाले. झाले ते ठीक. पण निलंबनाने बेअरिंग साफ होत नाही, आणि त्या चौघांच्या खुर्च्यांवर येणाऱ्याला आधीच्याच्या फाइलमध्ये काय सापडणार यावर सगळं आहे.

काय सापडतं ते या धंद्यातल्या कुणालाही विचारा. 'स्थिती समाधानकारक.' पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा, दोन्ही वेळा समाधानकारक. भेगेची रुंदी नाही. बेअरिंग किती सरकलंय याचं माप नाही, फोटो आहे पण तो पुलाच्या नावाच्या पाटीचा. भारतात हे ज्ञान नाही असा गैरसमज इथल्या मंडळींनी करून घेऊ नये. इंडियन रोड्स काँग्रेसची तपासणीवरची पुस्तिका कधीची छापलेली आहे. राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांना २०१६ पासून स्वतंत्र क्रमांक देऊन शून्य ते नऊच्याच मोजपट्टीवर गुण द्यायची व्यवस्था आहे. मोजपट्टी आहे, हात आखडतो तो तीनचा आकडा लिहिताना. कारण तीन लिहिला की वाहतूक थांबवायचा प्रश्न येतो, वाहतूक थांबवली की आणंदकडच्या गावांचा फेरा कितीतरी किलोमीटरनी वाढतो, फेरा वाढला की आमदारांचा फोन येतो. सहा लिहिला की कुणाचाच फोन येत नाही. आणि गंभीराबद्दल तर स्थानिक लोकप्रतिनिधीने काही वर्षं आधी लेखी कळवलंही होतं.

आणखी एक कारण आहे, त्यावर कुणी भाषण करत नाही कारण ते कंटाळवाणं आहे. दोन-तीन लाखांच्या कामाला निविदा काढली तर ठेकेदार फिरकत नाही. नदीच्या मधोमध माणूस उतरवायचा, विमा, पाळणा, रात्रीचं काम, आणि हाती काय लागणार? मग मार्ग आणि मकान विभागातला, म्हणजे गुजरातच्या बांधकाम खात्यातला, साहेब अशी पाच-सात कामं एकत्र बांधून मोठी निविदा करायचं ठरवतो. मोठ्या निविदेला वरची मंजुरी लागते. मंजुरीत दोन वर्षं. तोवर दुरुस्तीचं काम दुरुस्तीपलीकडे गेलेलं असतं आणि फाइलवर नवा शब्द चढतो: पुनर्बांधणी. त्याला पैसे मिळतात, कारण त्याला फीत असते. यावर उपाय जुनाच आहे, वार्षिक दरकरार. जॉइंटचा मीटरमागे दर, बेअरिंग साफ करायचा नगामागे दर, जॅकिंगचा रात्रीमागे दर, वर्षाच्या सुरुवातीला एकदा ठरवून टाकायचा. तपासणी करणाऱ्याने काम लिहिलं की कार्यकारी अभियंत्याच्या सहीने तिसऱ्या दिवशी माणूस पुलाखाली. काम झाल्यावर त्याच जागेवरून, त्याच कोनातून दुसरा फोटो. दोन फोटो शेजारी लागल्याशिवाय नोंद बंद करायची नाही. याला धमक कशाला हवी? कारकुनी हवी.

विश्वामित्रीचंही हेच व्हायची भीती वाटते. २०२४ च्या पुरानंतर २०२५ च्या उन्हाळ्यात शंभर दिवसांची मुदत घालून नदी रुंद आणि खोल करायचं काम काढलं. यंत्रं रात्रंदिवस चालली, गटांवर ड्रोनची चित्रं फिरली, "याला म्हणतात काम" वगैरे. जोर होता यात शंका नाही. पण नदी रुंद केली की तिचा वेग कमी होतो, वेग कमी झाला की गाळ तिथेच बसतो. पावागढाकडून येणारी माती दरवर्षी येणार. म्हणजे शंभर दिवस ही पहिली किस्त झाली. दर नोव्हेंबरात ठरावीक अंतरावर नदीचे आडवे छेद, म्हणजे पात्राची रुंदी आणि खोली, मोजायचे, आधीच्या वर्षाच्या छेदावर ठेवून बघायचे, जिथे भरलं तिथे पुढच्या उन्हाळ्यात काढायचं, मगरींच्या घरट्यांचा हंगाम सांभाळून. आणि काठची कोतरं, म्हणजे घळी, ज्यांत पुराचं पाणी घटकाभर थांबत असे, ती भराव घालून बुजवली जाताहेत का हे बघायला कुणी पायी फिरायचं. आजवा धरणाचे ६२ दरवाजे आणि काळा घोड्याची २६ फुटांची धोक्याची पातळी सगळ्यांना पाठ आहे. नोव्हेंबरातल्या छेदाबद्दल मात्र त्या गटांवर अक्षर नाही. तिसऱ्या वर्षी त्या मोजणीला पैसे ठेवलेत का, एवढं जरी कुणी महापालिकेच्या अंदाजपत्रकात शोधून टाकलं तर मी त्या गटावरचे सगळे सुप्रभात सहन करीन.

आता सयाजीराव.

गादीवर आले १८७५ मध्ये, वय बारा. पूर्ण अधिकार १८८१ मध्ये. पहिली युरोपवारी १८८७ मध्ये, आणि त्यानंतर महाराज इतक्या वेळा आणि इतके महिने परदेशी असत की इंग्रजांना ते खुपायचं. १९०० साली व्हाइसरॉय कर्झनने संस्थानिकांच्या परदेशवाऱ्यांना लगाम घालणारं परिपत्रक काढलं. म्हणजे ज्या काळाकडे बोट दाखवून "ते असते तर" म्हणतात, त्या काळातही ते पुष्कळदा नव्हतेच. अमरेलीत १८९३ ला सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू झालं, १९०६ ला संस्थानभर गेलं. मधली तेरा वर्षं घोषणेची नाहीत, हजेरीपटाची आहेत. १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, तीन वर्षं ठेवला, तो गेला आणि ग्रंथालयं चालू राहिली. फिरत्या ग्रंथपेट्या खेड्यांत जायच्या. पेटी पाठवणं सोपं असतं. ती परत आली का, त्यात किती पुस्तकं आहेत, फाटलेली कोण शिवणार, हे दर वेळी बघणारा माणूस त्या व्यवस्थेत होता. हुजूर हुकूम लिहिलेले असत. महाराज आल्प्समध्ये असले तरी हुकूम कचेरीत असे.

म्हणून त्या वाक्याचा राग येतो. ते थोर माणसाची आठवण काढतं आणि त्याने जे केलं तेच विसरतं. एका माणसावर काम अडू नये याची तजवीज त्याने केली, आणि आपण त्याच्याच नसण्यावर सगळं ढकलतो.

"तिकडे बसून बोलणं सोपं आहे" हे यावर येणार, ठाऊक आहे. येऊ दे. महाराजही तिकडूनच बोलत असत, हे उत्तर तयार ठेवलं होतं. पण ते वापरण्यात अर्थ नाही. त्यांच्या पत्राने बडोद्यात माणूस हलायचा. माझ्या निरोपाखाली अंगठा येतो.

शिवाय एक घोळ आहे, तो या लेखातही झाला असेल. 'आपल्याकडे' हा शब्द कुठल्या गावासाठी वापरायचा हे आता नीट जमत नाही. काउन्सिलच्या सुनावणीत फर्न हॉलोबद्दल बोलताना 'आपला पूल' म्हणताना जीभ अडत नाही, आणि गटावर गंभीराबद्दल लिहिताना बोट 'तुमचा' वर जाऊन मागे येतं. बडोद्यातल्या मांजलपूरच्या मतदारयादीत नाव नाही. पादऱ्याच्या पुलाखाली उतरायचं ओळखपत्र नाही; तिथे ओळखी आहेत, ओळखींनी पाळण्यात कुणी उतरू देत नाही. इथे उतरता येतं. इथल्या तपासणीच्या फॉर्मवर 'मालक' असा रकाना आहे, त्यात शहराचं नाव लिहायचं असतं आणि ते लिहिताना विचार करावा लागत नाही.

काकांना मी उत्तर लिहिलं होतं, फार लांबलं म्हणून पुसलं. शेवटी एवढंच पाठवलं: मुजपूरला आता जो नवा पूल होईल, त्याच्या बेअरिंगखाली माणूस उभा राहील एवढा कट्टा आणि खाली उतरायला शिडी नकाशात आहे का, ते तुमच्या ओळखीतल्या कुणाला तरी विचारा. नंतर बसवता येत नाही.

दोन निळ्या टिका आल्यात.